सातातून सात

बुरुलकानचा राग किरगीझस्तानातल्या नारिनच्या खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक होता. सत्तावीस वर्षं ती गावच्या शाळेत शून्य वर्गाला, म्हणजे सहा वर्षांच्या पोरांना शिकवत होती. नुसते आकडे गिरवून घेणं तिला पटत नसे. तिची पोरं ओढ्यावरचे पूल मोजत, कुणाच्या घरात माणसं किती, त्यातली रशियाला कामाला गेली किती, उरली किती ते मोजत. गावही कळायचं आणि बेरीज-वजाबाकीही व्हायची.

त्या शुक्रवारी सात बापांचा धडा होता. आपला बाप, त्याचा बाप, अशी सात नावं प्रत्येक किरगीझ पोराला घरीच पाठ करून घेतात. एका नावाला एक चुको, म्हणजे मेंढीच्या घोट्याचं हाड, बाकावर मांडायचं. गावातले वडीलधारे म्हणून इमानकुल अक्साकाल पाहुणे होते आणि मुख्याध्यापक त्यांच्या मागे हात बांधून उभे.

अकमोरनं सात नावं घडाघडा म्हटली. सात हाडं मांडली.

"ही तर तुझ्या आईच्या बापाची माणसं," अक्साकाल म्हणाले. "बापाची सांग."

अकमोरची आई लग्नाशिवाय बाळंत झाली होती. पोरीला आजीकडे ठेवून ती मॉस्कोत भांडी घासत होती. हे त्या वर्गातल्या बाकांनासुद्धा माहीत होतं.

म्हाताऱ्यानं एकेक करून सातही हाडं उचलली. "सांग, सातातून सात गेले, किती राहिले?"

"शून्य."

"शाब्बास!" मुख्याध्यापक म्हणाले. उत्तर बरोबर होतं ना!

आणि बुरुलकान, जिच्या आवाजानं रस्त्यावरचे कुत्रे बाजूला होत, ती काहीही बोलली नाही. पाहुण्याचा मान! पुढची पोरगी उठली, धडा पुढे गेला.

अकमोर शाळेत यायची बंद झाली. चौथ्या दिवशी बुरुलकान तिच्या घरी गेली. आजी कालबुबू अंगणात शेणाच्या गोवऱ्या रचत होती. तिनं वर पाहिलंही नाही.

"कशाला आलीस? आणखी काही काढून घ्यायचं राहिलंय?"

"अपा, पोरीला पाठवा. वर्षाच्या शेवटी पहिलीची यादी लागते, तिचं नाव गळेल."

"गळू दे. म्हाताऱ्याचं मी समजू शकते, त्याचं डोकं घोड्याच्या खोगिरात अडकलंय. तू तर शिकलेली ना? तुझ्या तोंडात काय लोणी होतं?"

दाराच्या पडद्याखाली दोन अनवाणी पावलं दिसत होती. बुरुलकान त्या पावलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "शुक्रवारचा अभ्यास सांगून जाते. आई, आईची आई, तिची आई. जितक्या माहीत असतील तितक्या. धडा इथेच, या अंगणात होईल."

मुख्याध्यापक भडकले. शाळेत सगळे तिला एजे, म्हणजे ताई, म्हणत. "आयांचा धडा कुठल्या पुस्तकात आहे, एजे? अक्साकालांना काय वाटेल?"

"त्यांना जे वाटायचं ते मागच्या शुक्रवारी वाटून झालं. आता मला वाटतंय. लेखी नोटीस द्या, चुलीला उपयोगी पडेल."

शुक्रवारी ती अठरा पोरं घेऊन कालबुबूच्या अंगणात दाखल झाली. म्हातारी पुटपुटली, पण सतरंजी तिनंच टाकली. पोरं मांडायला बसली आणि अडली. सात बाप म्हणणारी वाघरं दोन आयांवर गप्प! तेमिरलाननं मात्र पटापट पाच हाडं मांडली.

"तिसरीचं नाव काय रे?"

"म्हातारी."

"आणि चौथीचं?"

"तिच्याहून म्हातारी."

पोरं खिदळली. तोच पडदा बाजूला झाला आणि अकमोर तरातरा बाहेर आली. "नाव माहीत नसेल तर हाड ठेवायचं नाही!" तिनं त्याची तीन हाडं उचलली. मग स्वतः बसली. अभ्यास मिळाल्यापासून तिनं आजीला छळलं होतं. एकेक नाव, एकेक हाड. पाच झाली. सहावं नाव आजीलाही येत नव्हतं. सहावं हाड तिनं ठेवलं नाही.

उरलेली हाडं तिनं बुरुलकानपुढे सरकवली.

"एजे, आता तुम्ही मांडा."

बुरुलकाननं आई मांडली, आजी मांडली, आजीची आई मांडली. हात थांबला. वडिलांकडच्या सात पिढ्या तिला झोपेतही म्हणता आल्या असत्या.

अकमोरनं तिच्यासमोरची हाडं बोट लावून मोजली. "सातातून तीन गेले, चार राहिले," ती कडक आवाजात म्हणाली. "सोमवारी मी वर्गात विचारीन. घरून विचारून या."