शैलजाचे बावीस कॉम्प्युटर

शैलजा,

तुझ्यावर लिहितेय म्हटलं तर तू म्हणशील, "बाईजी, फालतू बात!" म्हण खुशाल. मी सत्तरी पार केलीय, मला आता कोणाची परवानगी लागत नाही.

अन्नपूर्णा भागातल्या आमच्या मुलींच्या शाळेत तू कॉम्प्युटर लॅबची सहायक. रोज देपालपुरहून बसने यायचं, तेही वर्षभराच्या करारावर. मी तिथली निवृत्त गणिताची बाई, आता समितीवर. नवे बावीस कॉम्प्युटर आले तेव्हा हट्ट माझाच: आपल्याकडे कोरी वही उघडली की आधी 'श्री' लिहितात, तर मुलींच्या कामाच्या फोल्डरचं नावही 'श्री' ठेवायचं, चांगलं देवनागरीत. तू म्हणालीस, "बाईजी, गडबड होईल." मी म्हटलं, "देवाच्या नावाने कसली आलीय गडबड?"

झाली. प्रॅक्टिकलच्या सकाळी परीक्षक दारात, आणि पायथनचा प्रोग्राम सुरू करणारी फाईल एकाही कॉम्प्युटरवर चालेना. काळ्या खिडकीत एकच तक्रार: फाईलपर्यंतचा दिलेला रस्ता, म्हणजे पाथ, सापडत नाही; त्यातलं देवनागरी 'श्री' त्याला वाचताच येईना. संचालक उदयसिंहजी कडाडले, "हे फोल्डरचं डोकं कोणाचं?" मी तोंड उघडेपर्यंत तू म्हणालीस, "माझंच, सर. अर्धा घंटा द्या."

माऊसला हात नाही. पायथन जागेवर आहे ना, ते कीबोर्डवरून एका ओळीत कॉम्प्युटरलाच विचारलंस. मग साध्या इंग्रजी नावाचा फोल्डर, सगळ्या फाईली तिकडे, रस्ता बदलला, चालवून पाहिलं, की पुढची खुर्ची. एक मुलगी मुसमुसायला लागली तर मान न वळवता म्हणालीस, "रो मत गं, आठ नंबर चालू झालाय, बस तिथे." बावीसच्या बावीस! चाळीस वर्षं शिकवलं मी, इतकं स्वच्छ काम क्वचितच पाहिलं.

परीक्षा पार पडली, पण उदयसिंहजींनी तुझा एप्रिलपासूनचा नवा करार अडवून ठेवला. जिन्यात तू मला एवढंच म्हणालीस, "बाईजी, फोल्डर तुमचा होता हे सरांना सांगाल? एप्रिलच्या आत."

"उद्याच सांगते."

दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले. आत समितीची माणसं बसलेली. त्यांच्यासमोर हसं होईल म्हणून दोन्ही वेळा परत फिरले. एप्रिलमध्ये तुझ्या खुर्चीवर दुसरी मुलगी बसली, आणि मी सांगितलं नाही.