चिमणाबाईच्या हातची जिन

चिमणाबाईनं जन्मात दारूचा थेंब तोंडाला लावला नव्हता. उलट तिचा नवरा दारूपायीच गेला होता, आणि त्या वेळी ती जेमतेम वीस वर्षांची, पदरात एक पोर असलेली होती. तरीही कोल्हापूरच्या ताराबाई पार्कातल्या एका बंगल्यात सहा-सात उन्हाळे तिनं रोज संध्याकाळी एका गोऱ्या बाईला जिनचा पेला बनवून दिला. माझे वडील माधवराव त्याच बंगल्यात पुढं कारकून झाले, म्हणून ही हकिकत मला माहीत आहे. थोडी त्यांच्याकडून ऐकली, थोडी खुद्द चिमणाबाईकडून.

बंगला दरबारच्या नोकरीतल्या हॉब्सन नावाच्या इंजिनिअरसाहेबाचा. साहेब महिन्यातले वीस दिवस फिरतीवर, आणि मडम घरी एकटी. मूलबाळ नव्हतं. चिमणाबाई तिथं माळीण म्हणून लागली. मागच्या बाजूला, मोटेच्या पाण्यावर, तिनं पुदिना, सब्जा, गवती चहा, काकडी, कागदी लिंबाची दोन झाडं असा वाफा उभा केला होता.

उन्हाळ्यात पाच वाजले की मडम व्हरांड्यात येऊन बसायची आणि बटलर तिला पेला करून द्यायचा. स्टेशनाकडच्या कारखान्यातून भुशात गुंडाळलेला बर्फ यायचा, गोळीच्या सोड्याच्या बाटल्या यायच्या. बटलर पुदिना खलबत्त्यात चांगला कुटून घालायचा. मडम एक घोट घ्यायची आणि तोंड वाकडं करून पेला ठेवून द्यायची. चिमणाबाई झाडांना पाणी घालता घालता हे रोज बघत होती. एक दिवस तिला राहवलं नाही. ती पायरीपाशी आली, पुदिन्याची चार पानं एका तळहातावर ठेवली, दुसऱ्या हातानं वर एक टाळी मारली आणि हात मडमेच्या नाकासमोर धरला.

"रगडू नगा, कडू हुतंय," ती म्हणाली. "नुसतं जागं करायचं."

मडमेला शब्द कळले नाहीत, वास कळला. दुसऱ्या दिवसापासून पुदिना चिमणाबाईनं द्यायचा असं ठरलं. पुढं बेचाळीस साली बटलर लढाईवर गेला आणि सगळा पेलाच तिच्याकडं आला.

घरी दिरानं गोंधळ घातला. ज्या दारूनं भाऊ गेला तीच आता वहिनी ओतून देते, लोक तोंडात शेण घालतील, असं तो म्हणाला. चिमणाबाई मला सांगत होती, की त्याचं चूक नव्हतं. तिलाही पहिले आठ दिवस बूच काढताना बाटलीला हात लावावासा वाटेना. पण वास निराळा होता. नवऱ्याच्या अंगाला यायचा तो आंबट वास नव्हे, तर ओल्या लाकडासारखा, रानातल्या पाल्यासारखा काहीतरी.

"आणि मडम पिऊन कुणाला मारत न्हवती की," ती म्हणाली. "पिऊन गप बसायची. बाईमाणूस एवढं गप बसलेलं बघवत न्हाय."

म्हणून ती पेला देऊन निघून न जाता पायरीवर टेकायला लागली. मडमेनंच एकदा हातानं बसायची खूण केली होती. मग दोघी बोलायच्या. मडम इंग्रजीत बोलायची, हातानं काहीतरी दाखवायची, कधी हसायची, एकदोनदा रडली. चिमणाबाई आपल्या भाषेत पोरीचं सांगायची, दिराचं सांगायची, जोतिबाला खेट्याला अनवाणी चालत गेलतो तेव्हा पाय कसे भाजले ते सांगायची. एकीचं दुसरीला अक्षर कळत नव्हतं. अंधार पडायच्या आत चिमणाबाई उठायची, राखेनं हात घासायची आणि घरी जायची.

एकदाच त्यांचं वाजलं. मडमेला वाटलं, तुळशीचाही वास चांगला येतो, तर तीही घालून बघावी. वाफ्याशेजारी चिमणाबाईनं छोटं वृंदावन करून तुळस लावली होती, तिनं त्यातली मंजिरी खुडली आणि पेल्याकडं नेली. चिमणाबाईनं तिचं मनगट धरलं. माळणीनं मडमेचा हात धरणं ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

"ही न्हाय घालायची. ही देवाची हाय."

मडम लाल झाली. मग तिनं मंजिरी परत तुळशीच्या मातीवर ठेवली आणि पदर नसलेल्या डोक्यावर उगाच हात फिरवला. चिमणाबाईनं वाफ्यातून सब्ज्याची पानं आणली. सब्जा दिसायला तुळशीच्या बहिणीसारखाच, पण त्याला देवाचं काही नाही. त्या दिवसापासून पेल्यात सब्जा आला.

अठ्ठेचाळीसच्या मे महिन्यात साहेब-मडम विलायतेला परत गेले. सामान आधीच गेलं होतं. मोटार फाटकाशी उभी राहिली तेव्हा मडम मागच्या वाफ्यात आली आणि चिमणाबाईचे दोन्ही हात धरून बराच वेळ इंग्रजीत काहीतरी बोलली. चिमणाबाईनं मान हलवली. तिला वाटलं, झाडांना पाणी घालत जा म्हणून सांगत असेल.

पुढच्या वर्षी संस्थान विलीन झालं आणि बंगला सरकारकडं गेला. त्यात कचेरी आली, तीही दारूबंदीची. चिमणाबाईला माळीण म्हणून तशीच ठेवून घेतलं. ज्या व्हरांड्यात मडम बसायची तिथं आता टेबलं लागली आणि त्यातलं एक माझ्या वडिलांचं होतं. वडील कडक माणूस. चहासुद्धा दिवसातून एकदाच.

त्रेपन्नच्या एप्रिलात टपालात एक परदेशी पाकीट आलं. वर इंग्रजीत लिहिलं होतं: चिमणाबाई, माळीण, हॉब्सनचा बंगला, कोल्हापूर. वडिलांनी तिला बोलावलं आणि फोडून वाचून दाखवायला सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला ते थांबले, इकडंतिकडं बघितलं आणि पत्र घडी घालून खिशात टाकलं.

"रविवारी घरी या," ते हळू म्हणाले. "हे इथं वाचण्यासारखं नाही."

रविवारी ती आमच्या मंगळवार पेठेतल्या घरी आली. माझी आई, माई, स्वयंपाकघरात होती. वडिलांनी पत्राचं मराठी करून सांगितलं. साहेब दोन वर्षांपूर्वी वारले होते. मडम समुद्राकाठच्या एका गावात बहिणीच्या घराशेजारी राहत होती. कुंड्यांत पुदिना लावला होता, सब्ज्यासारखी पानं बाजारात मिळत होती, लिंबं मिळत होती, जिनला तर तिथं तोटाच नव्हता. सगळं घालूनही तो पेला होत नव्हता. काहीतरी राहतंय. तू काय घालत होतीस, ते कुणाकडून तरी लिहून पाठव, अशी तिची विनंती होती.

चिमणाबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि सांगायला लागली. जिन दोन बोटं. वडिलांनी विचारलं, बोटं आडवी की उभी? ती गोंधळली. लिंबू किती, साखर किती, सांगताच येईना. हातानं केलेली गोष्ट तोंडानं सांगायची तिच्यावर कधी वेळ आली नव्हती. शेवटी माईच म्हणाली, "इथंच करून दाखवा. जिनच्या जागी पाणी घाला, म्हणजे झालं."

वडिलांना ते पसंत नव्हतं. पण माईनं काचेचा पेला काढून दिला. चिमणाबाईनं निघताना आमच्यासाठी म्हणून बंगल्यातला पाला पदरात बांधून आणला होता. तिनं दोन बोटं पाणी ओतलं. अर्धं लिंबू पिळलं, चमचाभर साखर टाकली, काकडीच्या पातळ चकत्या सोडल्या. पुदिन्यावर टाळी मारली, सब्ज्याची पानं चुरगळली. वडील एकेक गोष्ट लिहून घेत होते. मग ढवळायच्या वेळी तिनं माईनं पुढं केलेला चमचा बघितलाच नाही. गवती चहाची एक दांडी उचलली, तिचं पांढरं बूड वरवंट्यानं ठेचलं आणि त्या दांडीनंच पेला ढवळून ती बाजूला टाकली.

वडिलांची लेखणी थांबली. "हे काय?"

"ढवळलं की."

"ह्याचं नाव पत्रात नाही."

चिमणाबाई खाली बसली. बटलर गेला तेव्हा लांब दांड्याचा चमचा कुठल्याशा कपाटात कुलपात राहिला होता. कुलूप उघडा म्हणून मडमेला सांगायचं कसं, ते कळेना, म्हणून तिनं पहिल्या दिवशी हाताशी आली ती दांडी घेतली होती आणि पुढं तीच सवय पडली. ती दांडी वाफ्यातच टाकून ती पेला घेऊन व्हरांड्यात जायची. मडमेनं ती कधी बघितलीच नव्हती.

माईनं तो पेला पिऊन बघितला, मग वडिलांपुढं सरकवला. वडिलांनी पत्रात लिहिलं, की राहिलेली वस्तू म्हणजे एक प्रकारचं गवत आहे.

हे गवत तिकडच्या थंडीत येणार नाही, असं वडिलांचं म्हणणं पडलं. चिमणाबाईनं आठवडाभर दांड्या सावलीत वाळवल्या, बिस्किटाच्या डब्यात भरल्या, आणि वडिलांनी तो डबा कापडात शिवून बोटीच्या टपालानं पाठवला.

उत्तर श्रावणात आलं. आता चिमणाबाई रविवारी न बोलावताच यायला लागली होती. मडमेनं लिहिलं होतं, डबा पोचला त्या संध्याकाळी पाऊस होता, म्हणून पेला स्वयंपाकघरातच केला. वाळलेली दांडी गरम पाण्यात भिजवून घेतली. चव तीच आली, अगदी तीच. आणि पहिल्या घोटानंतर आपण मोठ्यानं बोलायला लागलो हे तिच्या उशिरा ध्यानात आलं. घरात दुसरं कुणी नव्हतं.

"काय बोलली?" चिमणाबाईनं विचारलं.

"ते लिहिलेलं नाही."

माईनं तिच्यापुढं चहा ठेवला, तो निवला. मग चिमणाबाई वडिलांना म्हणाली, "भाऊसाहेब, आता मी सांगते ते लिवा. पण इंग्रजी करू नगा. माझंच लिवा, जसंच्या तसं."

वडिलांनी समजावलं, की मडमेला मराठी वाचता येणार नाही, आणि तिथं वाचून दाखवणारंही कुणी भेटणार नाही. चिमणाबाई म्हणाली, "ठावं हाय मला."

म्हणून त्या दिवशी चार पानी पत्र कोल्हापुरी बोलीत इंग्लंडला गेलं. त्यात पोरीच्या बाळंतपणाचं होतं, दिराच्या म्हशीचं होतं, वाफ्यातलं एक लिंबाचं झाड वाळलं ते होतं. आणि मडमेची पत्रं आली की चिमणाबाई वडिलांना सांगायची, नुसतं इंग्रजीत वाचा. वडील वाचायचे. ती भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकायची. मधेच कुठंतरी हसायची. तिथं हसण्यासारखं काही लिहिलेलं नसायचं, असं वडील म्हणत.

असं साडेतीन-चार वर्षं चाललं. मग सत्तावन्न साली मडमेच्या बहिणीचं दोन ओळींचं पत्र आलं. तेवढ्याचं मात्र वडिलांनी मराठी केलं. चिमणाबाईनं ऐकून घेतलं, माईला निघते म्हणून सांगितलं आणि गेली. दुसऱ्या दिवशी ती कामावर होती.

वर्षभरात कचेरी दुसरीकडं हलली आणि चिमणाबाई गडहिंग्लजला पोरीकडं राहायला गेली. जायच्या आधी ती आमच्याकडं आली. पत्रं सगळी माईकडं ठेवली होती, ती तिनं नेली नाहीत. तिकडं कोण वाचणार, म्हणाली. उंबऱ्यापाशी चपला घालताना तिनं वडिलांना विचारलं, मुंबईहून विलायतेला बोटीला किती दिवस लागतात.

"तीन आठवडे," वडील म्हणाले.

"एवढंच?"

मग ती म्हणाली, की मडम जाताना हात धरून एवढं बोलली, त्यात 'येतीस का' असं इचारलं असंल का, ह्याचा ती दहा वर्षं विचार करत होती. आपण मान हलवली होती, आणि मोटार गेली होती. मडमेनं विचारलं असतं, आणि कळलं असतं, तर ती गेली असती का, असं माईनं विचारलं.

"पोरीचं लगीन झालं हुतं की तवा," चिमणाबाई म्हणाली. "मला इथं अडवायला कोण हुतं?"

वडील तिला स्टँडवर सोडायला गेले. गडहिंग्लजची गाडी उशिरा सुटली, तोवर ती खिडकीशी बसून होती. वडील गाडी सुटेपर्यंत खाली उभे होते.