बाबांचा पोपट

परवा खोपटच्या एसटी डेपोसमोर डिझेलचा वास आला आणि बाबा आठवले. कुणाची फजिती झाली की आम्ही भावंडं 'पोपट झाला' म्हणायचो. बाबांना ते अजिबात खपायचं नाही. "ही काय भाषा झाली?" म्हणून जेवताजेवता सुनावायचे.

एका वर्षी गणपतीला गावी निघालेलो. मखराचं सामान, पिशव्या घेऊन बाबांनी सगळ्यांना वर्तकनगरहून तासभर आधीच डेपोत आणलं. कंडक्टरने तिकीट बघितलं. "काका, हे उद्याचं आहे."

एसटी गेली. बाबांचा चेहरा लाल झालेला. आम्ही ओठ दाबून चपलांकडे बघत उभे. आई मात्र त्यांच्याजवळ गेली, कॉलर नीट केली आणि हळूच म्हणाली, "अहो, पोपट झाला तुमचा."

बाबांनी आईकडे बघितलं. मग इतके हसले की हातातलं मखर खाली ठेवावं लागलं.

आता तिकीट मोबाइलवर येतं. तरी गावी निघायच्या आधी आई मला न चुकता विचारते, "तारीख बघितलीस ना रे? पोपट झाला तर हसायला ते नाहीत आता."