लाल आणि पिवळी तार सारखी नसते

आज एक हार्ड डिस्क जळली, म्हणून हे लिहिते आहे.

डिस्क शेजारच्या शेवंताबाईंच्या बंद पडलेल्या लॅपटॉपमधली. त्यांचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. त्याचे फोटो फक्त या डिस्कमध्येच होते. ते माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर काढायचे होते. लॅपटॉपच्या डिस्कच्या पिना त्याला जुळत नाहीत, म्हणून मी अडॅप्टर जोडत होते. त्याला कॉम्प्युटरमधली विजेची तार जोडायची तेवढी राहिली होती. मी चहा ठेवायला आत गेले, तेवढ्यात त्यांच्या दिराने, गजाननने, ती जोडून बटण दाबलं. तो शेतातले मोटारपंप जोडतो.

"लाल सोडून पिवळी का जोडलीस?"

"काकू, मोटरीले कोणतीबी चालते. उलटी फिरली तं बदलून देतो."

"इथे काय धानाच्या बांधीत पाणी सोडायचं होतं?"

कॉम्प्युटरची लाल तार पाच व्होल्टची, पिवळी बाराची. लॅपटॉपच्या डिस्कला पाचच लागतात. माहीत नसेल तर विचारा, हेही आता सांगावं लागतं.

शेवंताबाई एवढंच म्हणाल्या, "नातीले आता घर कसं दाखवू वो?"

बुडालेल्या गावांचे जुने फोटो तुमच्यापैकी कोणाकडे आहेत का?

संध्याकाळी शेवंताबाईंना परत दिलं: लॅपटॉप आणि जळलेली डिस्क. फोटो एकही नाही.