दाजींची तिसरी मोहीम

माझे दाजी पाणीपुरवठा खात्यात बत्तीस वर्षं होते आणि या बत्तीस वर्षांत त्यांनी कोणालाही 'नाही' म्हटलं नाही. 'हो'सुद्धा म्हटलं नाही. पाणी कमी येतंय, पाइप फुटलाय, मीटर उलटा फिरतोय, काहीही गाऱ्हाणं घेऊन या, ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "बघू." माणूस आल्या पावली परत जायचा. मी त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. ताई जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून दर रविवारी मी माझं चष्म्याचं दुकान बंद ठेवतो आणि त्यांच्याकडे जातो. दोघं मिळून पेपर वाचतो आणि मनसोक्त भांडतो.

त्यांना एकच मुलगी. ती दुसऱ्या शहरात, कॉम्प्युटरवरचे खेळ बनवणाऱ्या कंपनीत, त्या खेळांच्या गोष्टी लिहिते. खेळाला गोष्ट कशाला लागते, हे दाजींना आजवर कळलेलं नाही. मलाही नाही, पण मी मामा असल्यामुळे कळल्यासारखं दाखवतो.

तर या भाचीचं लग्न ठरलं. नोंदणी कार्यालयात, चार माणसांत. लग्नाच्या महिनाभर आधी तिने फोन केला तेव्हा मी दाजींच्या समोरच बसलो होतो.

"बाबा, साक्षीदार म्हणून तुम्ही सही कराल?"

"बघू," दाजी म्हणाले.

फोन ठेवला आणि त्याच दुपारी हा गृहस्थ कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे नवा शर्ट टाकून आला. मी चक्रावलो. आत्ता तर याने नकार दिला, मग शर्ट कशाला? मागाहून पुन्हा फोन करून हो म्हणाले असतील, अशी मी आपली समजूत करून घेतली. विचारायला हवं होतं. नको तिथे माझी जीभ चुरुचुरु चालते आणि हवं तिथे टाळ्याला चिकटते.

शर्ट शिवून आला, खुंटीवर लागला, पण मुलीकडून कार्यालयाचा पत्ता काही येईना. दाजी रोज फोन उघडून बघायचे. लग्न दोन आठवड्यांवर आलं तेव्हा तिच्याकडून पत्त्याऐवजी आला तो एक खेळ. सोबत निरोप: 'बाबा, हा अजून कच्चा आहे. असला खेळ कधीच न खेळलेला माणूस हवाय. जिथे गोंधळ होईल तिथे लिहून पाठवा.'

"हे काय पाठवलंय? वेळ नाही, पत्ता नाही, आणि गोंधळ लिहून पाठवा!"

खेळ लढाईचा होता. दोन-तीनशे वर्षांनंतरची गोष्ट. एका रखरखीत ग्रहावर आपली माणसं निळे दगड खणतात, त्या दगडांवर यंत्रं चालतात, आणि पलीकडून लोखंडी शिपाई चाल करून येतात. आपण हे सगळं वरून बघायचं आणि प्रत्येकाला बोट दाखवून कामाला लावायचं. शिवाय खेळ थांबत नाही. बुद्धिबळात समोरचा निदान विचार तरी करू देतो. इथे तुम्ही चष्मा पुसेपर्यंत अर्धी वस्ती जळून जाते.

पहिल्याच मोहिमेत एक बाई सारखी ओरडायला लागली, "कामगार रिकामा आहे! कामगार रिकामा आहे!"

"असू दे की जरा," दाजी म्हणाले. "आत्ताच तर दगड टाकून आलाय बिचारा."

शिपायावर बोट ठेवलं की तो "बोला" म्हणतो, पुन्हा ठेवलं की "हुकूम". दाजींचा हात जरा थरथरतो, त्यामुळे चौथ्यांदा बोट पडलं आणि शिपाई खेकसला, "आता काय?" दाजींनी कॉम्प्युटरपासून खुर्चीच मागे ओढली. साहेबांशी हे असं बोलणं त्यांनी खात्यात कधी खपवून घेतलं नव्हतं.

"आणि हा मघाशीच मेला होता ना रे?"

"तो वेगळा, दाजी."

"आवाज तर तोच आहे." त्यांनी वहीत लिहिलं, 'मेलेला शिपाई पुन्हा कामावर हजर. हजेरीपट तपासावा.'

नकाशाचं तर विचारूच नका. जिथे आपला माणूस पोचलेला नाही तो भाग काळा दिसतो.

"नकाशा अर्धाच आहे."

"तिथे माणूस पाठवल्यावर दिसतं."

"पण पलीकडे काय आहे ते कळल्याशिवाय माणूस पाठवायचा कसा?"

"ते कळायला माणूस पाठवायचा."

दाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू तो लोखंडी शिपाई मीच. "चष्मेबहाद्दर, तू जरा चहा टाक."

एवढं सगळं होऊनही, कशा कोण जाणे, दोन मोहिमा पार पडल्या. तिसरीत एका विहिरीकाठची वस्ती सांभाळायची होती. शत्रू तीन बाजूंनी आलेला. पडद्याच्या कोपऱ्यात एक बटण होतं, 'मदत मागा'. दाजींनी ते दाबलं. एक म्हातारा कमांडर समोर आला. त्याने हेल्मेटची काच कपाळावर सरकवली आणि म्हणाला, "बघू."

मी दाजींकडे पाहिलं. ते खूश होते.

"माणूस बरा दिसतोय," म्हणाले.

मग त्यांनी लढणंच थांबवलं. सगळ्यांना भिंतीच्या आत घेतलं, दरवाजा लावला आणि मदतीची वाट बघत बसले. वस्ती जळाली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा बटण, पुन्हा "बघू", पुन्हा राख. पुढच्या रविवारी गेलो तर दाजी तिथेच अडकलेले. आता भिंतीमागे भिंत बांधण्यात मात्र पटाईत झाले होते.

"दाजी, मागे दरीतून वाट आहे. माणसं घ्या आणि निघा."

"अरे, त्यांनी बघू म्हटलंय! मदत इथे पोचली आणि आपणच जागेवर नसलो तर? कसं दिसेल ते?"

कमांडर कोणाच्या तोंडचं बोलतोय ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. दाजी नाटक करतायत की त्यांना खरंच कळलेलं नाही, हे मात्र कळेना. शेवटी भिंती पडल्या. त्यांनी वहीत लिहिलं आणि तसंच मुलीला पाठवलं: 'कमांडरांनी मदत कबूल केली होती. आली नाही. दुरुस्त करावे.'

अर्ध्या तासात तिचा फोन आला.

"बाबा, तुम्ही तिसऱ्या मोहिमेत सत्तेचाळीस मिनिटं थांबलात?"

"तुला कसं कळलं?"

"इथे सगळं दिसतं. बाकीचे पाच मिनिटांत दरीतून निघून जातात. मदत येणारच नाही हे ओळखून निघायचं, तीच मोहीम आहे. तुम्ही कशाला थांबलात?"

"मदत येणार होती म्हणून. तुझा तो कमांडर म्हणाला की, बघू."

"बाबा, बघू म्हणजे नाही."

"कोणी सांगितलं?"

"तुम्हीच. सहलीला जाऊ का, बघू. सायकल घ्याल का, बघू."

"सायकल घेतली होती की!"

"दोन वर्षांनी. तोवर मी मागणं सोडून दिलं होतं."

दाजींनी चष्मा काढून हातात घेतला. "मग ते साक्षीचं?"

"तेही तुम्ही बघूच म्हणालात ना. मी ऑफिसातल्या मैत्रिणीचं नाव दिलं. अर्ज भरून झाला, बाबा. आता बदलत नाहीत."

"बरं," दाजी म्हणाले आणि फोन ठेवला. शर्टाचं एका शब्दाने बोलले नाहीत. माझं डोकं फिरलं. म्हटलं, तोंडात काय मिठाची गुळणी धरली होती का? ते माझ्याकडे वळले.

"बघू म्हणजे नाही?"

"हो."

"पण मी तर खरंच बघायचो रे. लिहून ठेवायचो. फुटलेला पाइप जाऊन बघून यायचो."

"दाजी, माणूस तोवर घरी गेलेला असायचा."

त्यांना पटेना. उठून शेजारच्या निवृत्त मास्तरांना विचारून आले. मग शिंप्याला. मग जिन्यात भेटलेल्या रखवालदाराला. तिघांनीही एकच उत्तर दिलं, आणि रखवालदार तर हसलासुद्धा. परत आले ते माझ्याशेजारी येऊन बसले आणि हळूच विचारलं, "तुझ्या ताईला काय वाटत असेल?"

मला रडू आलं. मला माहीत नव्हतं. ताईने त्यांच्याकडे काय काय मागितलं आणि काय मागायचं सोडून दिलं, ते तिने मलाही कधी सांगितलं नाही. मी तसंच म्हटलं, "मला नाही माहीत, दाजी."

मग फोन उचलून त्यांनी मुलीला लावला. "मी येतोय," म्हणाले. "सही नसली तरी येतोय. पत्ता पाठव." ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, पण पत्ता आला.

लग्नाच्या दिवशी सकाळी आम्ही दोघं त्या कार्यालयात होतो. लांबट खोली, लाकडी बाकं, टेबलामागे शिक्का घेऊन बसलेला कारकून. नवरदेवाकडून त्याच्या भावाने आणि मित्राने सही केली, आमच्याकडून ती मैत्रीण पुढे झाली. सही करताना ती बिचारी इतकी ओशाळली होती, की तिचंही वाईट वाटलं. कारकुनाने कागद स्वतःकडे फिरवला, नावं वाचली आणि मान वर केली.

"हे मुलीचे वडील ना? मग वडील हजर असताना साक्षीदार बाहेरची कशी?"

त्याने सहज विचारलं होतं. भाची लाल झाली. "त्यांची तब्येत जरा," असं काहीतरी बोलायला लागली. दाजी टेबलाजवळ गेले.

"तब्येत ठीक आहे," ते म्हणाले. "तिने मलाच विचारलं होतं. मी हो म्हटलं नाही."

कारकुनाने शिक्का मारला. भाचीने तिथेच, सगळ्यांसमोर, त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. दाजी दोन्ही हात खाली सोडून उभे होते आणि आता काय करायचं असतं, असं नजरेनेच मला विचारत होते.