मालकिणीची मक्याची भाकरी

माझी मुलगी शारजाच्या शाळेत सातवीत होती, तेव्हा तिला इतिहासात अमेरिकेतलं यादवी युद्ध होतं. गुलामगिरी ठेवायची की नाही यावरून एकाच देशाची माणसं एकमेकांवर तुटून पडली, तेव्हा घरांमध्ये काय झालं असेल, यावर वर्गाने छोटं नाटक बसवलं. दक्षिणेतलं श्रीमंत घर, मालक लढाईवर. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या गुलाम बाईला एका सकाळी कळतं की उत्तरेची फौज जवळ आली आहे. ती एप्रन काढून ठेवते आणि चालू लागते. मागे उरते मालकीण, जिने जन्मात चूल पेटवलेली नाही.

मालकीण माझी मुलगी होणार होती आणि गुलाम बाई तिची समोरच्या फ्लॅटमधली मैत्रीण. ही मैत्रीण सुदानची. तिकडे लढाई पेटल्यावर मायलेकी इथे मामाकडे आल्या होत्या. वर्गात सगळ्यांत काळी तीच, म्हणून ते काम तिच्याकडे गेलं, हे कुणी बोललं नाही. तिला मात्र बरोबर कळलं होतं. संध्याकाळी आमच्या सोफ्यावर बसून ती शांतपणे म्हणाली, "आय वॉन्ट टू बी द रिच लेडी."

माझ्या मुलीने खांदे उडवले. "ओके. स्वॉप करू."

दुसऱ्या दिवशी दोघींनी वर्गाच्या बाईंना सांगितलं. बाई ओशाळल्या आणि लगेच हो म्हणाल्या.

व्हिडिओ कॉलवर सासूबाईंना हे कळलं, तेव्हा त्यांना रुचलं नाही. आपल्या पोरीने मोलकरीण का व्हायचं, असं त्यांचं म्हणणं. नवरा हमरियाहून, ऑफिसातून नुकताच आला होता. बूट काढता काढता तो म्हणाला, "आई, मोलकरणीला काम सोडता येतं. या गुलाम बाईला ते येत नव्हतं."

मग सासूबाईंनी विचारलं, पोरीला भाकरी तरी थापता येते का?

तिथेच घोडं अडलं होतं. स्टेजवर गुलाम बाईने सफाईने मक्याची भाकरी थापायची होती, आणि माझ्या मुलीची भाकरी हातातच चिरत होती. मैत्रिणीला आईबरोबर पिठात हात घालायची सवय. तिची भाकरी दुसऱ्याच खेपेला गोल झाली. आता एकीला येणं शिकवायचं आणि दुसरीला न येणं. दुसरं काम जास्त अवघड निघालं. मैत्रीण मुद्दाम पीठ सांडायची, पण बोटं आपोआप कडा सावरायची.

तिची आई तिला न्यायला आली आणि हा गोंधळ बघून ओट्यापाशीच थांबली. मी ज्वारीचा डबा उघडून दाखवला. तिने पिठाचा वास घेतला आणि भराभर काहीतरी सांगायला लागली. लेकीने अर्थ सांगितला: त्यांच्याकडे ज्वारीचं पीठ आंबवून तव्यावर पातळ पसरतात, आपल्या घावनासारखं. माझं अरबी यल्ला-खलासच्या पुढे जात नाही, पण त्या संध्याकाळी आम्ही चौघींनी भाकरी आणि न आंबवलेलं घाईचं घावन दोन्ही खाल्लं.

नाटकाच्या दिवशी मुलीची भाकरी बऱ्यापैकी गोल झाली. मग तिने एप्रन काढला, घडी घातली. मालकिणीने विचारलं, आज रात्री जेवण कोण करणार? "यू हॅव हँड्स," एवढंच म्हणून माझी मुलगी स्टेजवरून खाली उतरली आणि पालकांच्या मधून चालत दाराबाहेर गेली.

मग मालकीण एकटी पिठाकडे वळली. पिठात पाणी जास्त झालं, पाण्यात पीठ जास्त झालं, नाकाला पीठ, केसांत पीठ. शेवटी तिने तो गोळा प्रेक्षकांना इतक्या अभिमानाने दाखवला की हॉलमध्ये हशा पिकला. शेजारी बसलेली मैत्रिणीची आई माझा दंड घट्ट धरून हसत होती. ती इथे आल्यापासून इतकी हसलेली मी पाहिली नव्हती.

गाडीत दोघींचा वाद जुंपला. ती बाई पुढे कुठे गेली? माझ्या मुलीच्या मते फौजेच्या छावणीत स्वयंपाकाला, पण आता पगार घेऊन. मैत्रिणीच्या मते तिने स्वतःची खाणावळ काढली. मागच्या सीटवरून तिच्या आईने अरबीत काहीतरी म्हटलं.

"ममा सेज," मैत्रीण म्हणाली, "फर्स्ट शी स्लेप्ट. टिल नून."

त्यावर कुणालाच वाद घालायचा नव्हता. भूक मात्र सगळ्यांना लागली होती, म्हणून नवऱ्याने गाडी शावर्मावाल्याकडे वळवली.