डाव्या सीटचं माप

गाडी सुरू करण्याआधी ते बॉनेटवर डावा तळहात ठेवायचे. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मग एक पाऊल मागे सरकायचे आणि म्हणायचे, "घाई कुणाला आहे?"

गाडी दोन माणसांची, बुटकी, लाल, वर छप्पर नाही. रस्त्यात थांबली की शाळेतली पोरं गोळा व्हायची. असल्या गाडीच्या मालकाने घाई कुणाला आहे म्हणावं, याचं तुम्हालाही हसू येईल. मलाही यायचं.

माझं दुकान कर्वेनगरात होतं. दुकान कसलं, पत्र्याची शेड आणि दोन मशीन. नवरा रिक्षांचे हूड शिवायचा. तो गेला, मशीन राहिलं. मी चौथीपर्यंत शिकलेली, दुसरं काही येत नव्हतं. हूड शिवायला लागले. पुढे बाजारात नव्यानव्या मोटारी आल्या. कोथरूडच्या सोसायट्यांत स्कूटरी लावायच्या जागी मोटारी उभ्या राहिल्या. मग मी सीटकव्हरंही शिवू लागले.

अशात एक दिवस ते आले. पन्नाशी उलटलेली, शर्टाच्या बाह्या नीट दुमडलेल्या, खिशात टेप.

"रिक्षाचे हूड तुम्हीच शिवता का?"

"पाटीवर तसं लिहिलंय."

"वाचलं. तरी विचारतोय."

"मग मी तरी काय वेगळं सांगणार?"

तीन मोठ्या दुकानांत जाऊन आले होते. असला हूड परदेशातूनच मागवावा लागेल, असं तिघांनीही सांगितलं होतं. मी गाडीभोवती एक चक्कर मारली. म्हटलं, "रिक्षाच आहे. एक चाक जास्त आहे एवढंच. शिवते."

ते पहिल्यांदा हसले तेव्हा.

मी विचारलं, "छप्पर नाही म्हणून तर घेतलीत ना असली गाडी? मग आता हूड कशाला?"

"मिसेस म्हणतात, उघड्या गाडीत मी बसणार नाही. लोक बघतात."

"मग त्यांना घेऊन या. माप घेते."

"त्या अमेरिकेत असतात," ते म्हणाले आणि टेप काढून गाडीची लांबी मोजायला लागले. ती मी नजरेने आधीच मोजली होती.

पिंपरीच्या एका कारखान्यात त्यांनी नकाशे काढायचं काम केलं होतं. कारखान्याने माणसं कमी केली, त्यात हेही घरी बसले. कुणाची तरी बंद पडलेली ही गाडी त्यांनी त्याच वर्षी घेतली. मुलगी कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला गेलेली. तिच्या बाळंतपणासाठी बायको सहा महिन्यांकरता गेली. मग दुसरं बाळंतपण. मग मुलीची नोकरी. मग कसले कागद अडकले, ते होईपर्यंत देश सोडता येईना. सहा महिन्यांची सहा वर्षं झाली. हे स्वतः एकदा जाऊन आले, तेही महिन्याभरात परत.

"करमलं नाही का?" मी विचारलं होतं.

"तिथे सगळं चालू स्थितीत असतं हो. माझं काय काम?"

हुडाचं माप गाडीवरून घेत नाहीत, आत बसणाऱ्यावरून घेतात. नवऱ्याने मला तेवढं एक नीट शिकवलं. माणूस आत बसवायचा, डोक्यावर चार बोटं मोकळी सोडायची, तिथे कमान. उजवीकडे हे स्वतः बसले. डावीकडे कोण बसणार?

"तुम्ही बसता का, बाई? तुमची उंची साधारण तिच्याएवढीच आहे."

चप्पल काढून मी बसले. त्या गाडीत चप्पल काढूनच बसायचं. तसा त्यांनी नियम केला नव्हता. ते स्वतः बूट काढायचे, म्हणून सगळे काढायचे.

तसल्याच गाड्यांचे आणखी पाच-सहा मालक पुण्यात होते. बहुतेक कॉम्प्युटर कंपन्यांतली पोरं. रविवारी सकाळी माझ्या शेडसमोरच्या मोकळ्या प्लॉटवर जमायची. कुणाला चाक बदलायचं, कुणाला इंजिनात काहीतरी नवं घालायचं. पार्ट मिळायचे नाहीत, म्हणून एकमेकांचे काढून लावून बघायचे. हे सगळ्यांचे काका. पोरं वादावादी करत बसली की हे बॉनेटवर हात ठेवून म्हणायचे, "गप्प बसा जरा, तिला बोलू द्या." मग कुठला तरी स्क्रू पावभर फिरवायचे आणि इंजिनाचा खोकला थांबायचा.

हूड पाहून पोरं आधी खूप हसली. "काका, मीटर कुठाय? स्वारगेट चला." पावसाळा आला आणि त्यांच्या गाड्यांत घोटाभर पाणी साचलं. काकांची गाडी कोरडी. मग एकेक जण "मावशी, मावशी" करत आला. मी म्हटलं, "मीटर घेऊन ये आधी."

त्यातल्या एका पोराच्या गाडीचा आवाज असा, की मशीनवर माझी टीप वाकडी जायची. त्याने वेगासाठी गाडी जमिनीपासून चार बोटांवर आणली. पहिल्याच रविवारी आमच्या चौकातल्या स्पीडब्रेकरवर ती अडकली. पुढेही नाही, मागेही नाही. मागे पीएमटीची बस. कंडक्टर खाली उतरून म्हणाला, "विमान इथे उतरवायचं नसतं, लोहगावला उतरवायचं." शेवटी सहा मालकांनी गाडी हातांनी उचलून पलीकडे ठेवली. काकांनी टायरवरची माती रुमालाने पुसली आणि म्हणाले, "घाई कुणाला होती?"

सगळ्यांनी आपापल्या गाड्या खाली घेतल्या. यांनी एकट्यांनी वर उचलली. सगळ्यांनी वजन कमी करायला गालिचे, पेट्या, एकाने तर शेजारची सीटसुद्धा काढून टाकली. यांनी डावी सीट जाड केली.

"काका, गाडी स्लो होते अशाने!"

"होऊ दे."

पोरांना कारण सांगितलं नाही. मला सांगावं लागलं, कारण सीट मी करत होते. बायकोचे गुडघे दुखायचे. खाली वाकून बसता येणार नाही. म्हणून सीट दोन इंच वर. उठताना धरायला दाराशी कातडी मूठ. पाय टेकायला फळी. प्रत्येक वेळी माप माझ्यावर. माझेही गुडघे दुखतात, त्यामुळे सोय झाली.

ते उजवीकडे बसायचे, मी डावीकडे. गाडी बंद. समोर माझी शेड आणि तिच्यावर रिक्षाचं चित्र.

"गुडघा लागतो का कुठे?"

"नाही."

"खरं सांगा."

"लागला असता तर गप्प बसले असते का?"

"ते नाही म्हणा."

ते समोर बघायचे, रस्ता दिसत असल्यासारखे. मग मी उतरून मशीनवर जायचे. अशी कितीदा बसले ते मोजलं नाही. गाडी एकदाही हलली नाही. त्यांनी विचारलं नाही, मी म्हटलं नाही. ती जागा कुणाची ते दोघांनाही माहीत होतं.

कागद झाले. बायको तीन आठवड्यांसाठी येणार असं कळलं. आदल्या रविवारी त्यांनी गाडी दोनदा धुतली. मी हुडाच्या सगळ्या टिपांवर मेण फिरवलं.

ते बायकोला घेऊन आले ते रिक्षाने. गाडी माझ्याकडेच होती. पोरं फुलं घेऊन उभी. रिक्षातून बाई उतरल्या आणि उतरतच राहिल्या. उंच, सडसडीत. मी त्यांच्या खांद्याला लागत होते. सुई हातात घेऊन मी उभी होते, ती तशीच खाली ठेवली.

"बस," ते म्हणाले. "लोक बघणार नाहीत आता."

बाई बसल्या. म्हणजे बसायचा प्रयत्न केला. गुडघे पुढे अडकले, मान वाकडी, डोकं हुडाला. पोरं आकाशाकडे बघायला लागली. हुडाला आतून बाईंच्या डोक्याचा फुगवटा आलेला बाहेरून दिसत होता.

आतून आवाज आला, "हे कुणाच्या मापाचं केलंय?"

मी म्हटलं, "माझ्या."

बाई वाकून बाहेर आल्या. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. रागाने नाही. मी कापडाकडे पाहते तसं.

"तुम्हाला बसवून घेतलं माप?"

"हो."

"किती वेळा?"

"हुडाला चार वेळा. सीटचं लक्षात नाही."

त्या नवऱ्याकडे वळल्या. "तीस वर्षं संसार केला मी तुमच्याबरोबर. माळ्यावरचे डबे कोण काढून देत होतं तुम्हाला?"

त्यांचे कान लाल झाले. हातातलं फडकं घडी करत, उलगडत म्हणाले, "तू कॉम्प्युटरवर मानेपर्यंतच दिसतेस गं. तो एक महिना सोडला तर सहा वर्षं मानेपर्यंतच बघतोय."

कुणी हसलं नाही. बाई हसायला लागल्या होत्या, त्याही थांबल्या. त्या गाडीकडे बघत राहिल्या. मूठ पाहिली, पायाखालची फळी पाहिली, जाड सीट हाताने दाबून पाहिली. त्यांच्या हातांनाच कळत गेलं असावं.

मी म्हटलं, "कमान वर घेते. सीट कापते. दोन दिवस द्या."

"घाई कुणाला आहे," ते हळूच म्हणाले.

"मला आहे," बाई म्हणाल्या. "तिसऱ्या शनिवारी माझं विमान आहे."

त्यानंतर मी काकांच्या तोंडून ते वाक्य ऐकलं नाही.

बाईंना स्टुलावर बसवून मी माप घेतलं. मी टेप गुंडाळत असताना म्हणाल्या, "एकटे जेवतात का नीट?"

"मी हूड शिवते," मी म्हटलं. मग वाटलं, फार तोडून बोललो आपण. म्हटलं, "रविवारी पोरं असतात. बाकी मला माहीत नाही."

दोन दिवस मी दुसरं काम घेतलं नाही. हुडाच्या टिपा ब्लेडने उसवल्या. मेण लावलेल्या टिपा लवकर सुटत नाहीत. सीटचा दोन इंच फोम कापला, वर आणखी एक इंच कापला. फोम माझ्या बसण्याने दबला होता, कापलेल्या तुकड्यावरसुद्धा खोलगटपणा दिसत होता. तो मी पोत्यात भरला. शिवलेलं उसवायचं तर माझ्या धंद्यात रोज असतं. त्यात काय एवढं.

तिसऱ्या दिवशी बाई बसल्या. डोक्यावर चार बोटं. गुडघे मोकळे. काकांनी तळहात बॉनेटवर ठेवला, काढला, आणि गाडी माझ्या शेडसमोरून निघाली. सिंहगडाच्या रस्त्याने खडकवासल्यापर्यंत गेले होते म्हणे. परत आले तेव्हा हूड मागे दुमडलेला होता. बाईंचे केस विस्कटलेले. लोक बघत होते आणि बाई त्यांना बघू देत होत्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या, माझ्या हातात दाभण होतं.

बाई तिसऱ्या शनिवारी गेल्या, पण हे मागे राहिले नाहीत हे तुम्ही ओळखलंच असेल. त्यांनी तिकडून यांचं तिकीट काढलं आणि दोनच महिन्यांनी हेही निघाले. गाडी त्या आवाजवाल्या पोराला दिली. अट एकच, खाली करायची नाही.

निरोप घ्यायला ते चालत आले. गाडी नसलेले ते मला जरा परकेच वाटले. शेडमध्ये यायचे नाहीत कधी, त्या दिवशी आत आले. माझ्या मशीनच्या डोक्यावर डावा तळहात ठेवला.

मी म्हटलं, "गरम नाहीये. सकाळपासून बंद आहे."

"हो," ते म्हणाले. तरी हात थोडा वेळ तसाच राहिला. "पावसाळ्याआधी हुडाला मेण लावायला सांगा त्याला."

"सांगते."

"येतो, बाई."

"या."

समोरच्या प्लॉटवर आता बारा मजले आहेत. रविवारी पोरं कुठे जमतात माहीत नाही. पोरं तरी कुठली, टकलं पडली त्यांना. दुकान भाच्याला दिलं, मी नुसती बसून असते.

मागच्या महिन्यात तो आवाजवाला गाडी घेऊन आला. हुडाची मागची प्लास्टिकची खिडकी पिवळी पडून तडकली होती. गाडी अजून वरच आहे. आवाजही आता बेताचा करतो.

"मावशी, काका परवाच बोलले व्हिडिओवर. लावून देऊ? बोला की."

"मानेपर्यंतच दिसणार ना?"

"हो, म्हणजे..."

"राहू दे."

खिडकीची शिवण आतून बघावी लागते. मी चप्पल काढली आणि डावीकडे बसले. उतरत्या वयात सीट फारच खाली वाटली. मूठ होती, ती धरली. उजवीकडे कुणी नव्हतं. तो पोरगा बाहेर फोनवर बोलत होता. शिवण पाहून झाल्यावर मी हात डोक्यावर नेला, चार बोटं ठेवली. त्याच्याही वर वीतभर जागा होती.

माप बरोबर होतं.